विचार करायला ग्लास कशाला लागतो?

मध्यंतरी पुण्यातल्या एका बारमध्ये ‘तत्त्वज्ञानाच्या गप्पां’ना गेलो होतो. पंधरा-वीस अनोळखी माणसं, समोर ग्लास आणि विषय होता, ‘माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का?’ मी लिंबू-सोडा मागवला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “सर, मुलांना गालिब शिकवता आणि पीत नाही?” सगळे हसले, मीही हसलो. खरं तर मला सांगायचं होतं की याच प्रश्नावर आठव्या-नवव्या शतकात बसरा आणि बगदादमध्ये मुअतझिला विचारवंतांनी केवढी बहस केली होती. पण बोललो नाही. सोडा पिणारा मुसलमान धर्माचं काढतोय, असं वाटेल म्हणून गप्प बसलो.

पिणाऱ्यांवर मला फतवा काढायचा नाही. हराम-हलालचा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘सगळ्यांसाठी खुली’ म्हणवणारी ही बैठक खुली नसते. बुरखा घालणारी माझी सहशिक्षिका तिथे येणार नाही. बापाच्या दारूपायी जिचं घर बुडालं, ती मुलगीही येणार नाही. महाराष्ट्रात बियरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५. म्हणजे ज्या वयात प्रश्न सर्वांत जास्त छळतात, ती पोरंच बाहेर. आणि बिल भरण्याची ऐपत हवी, ती वेगळीच!

याचे समर्थक प्लेटोच्या ‘सिम्पोजियम’चा दाखला देतात. त्या शब्दाचा अर्थच एकत्र पिणं. पण त्यातली हकिगत नीट वाचावी. आदल्या रात्रीची अजून उतरलेली नाही, तेव्हा आज पिण्याची सक्ती नको, असं ठरवूनच ती मंडळी बोलायला बसतात. आणि बासरी वाजवणाऱ्या बाईला आधी बाहेर पाठवतात. कोणी बसायचं आणि कोणी नाही, हे तेव्हाही ठरलेलंच होतं.

अलीकडचा दाखला हवा असेल तर पॅरिसचा घ्या. १९९२ मध्ये मार्क सोते यांनी बास्तीय चौकातल्या ‘काफे दे फार’मध्ये अशा चर्चा सुरू केल्या. वेळ रविवार सकाळची आणि जागा कॉफीच्या दुकानाची. ही कॉफी आली कुठून? पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला ती पीत. १५११ मध्ये मक्केत तिच्यावर बंदी आली. पुढे लंडनमध्ये एका पेनीत कॉफी आणि चर्चा मिळू लागली, तेव्हा १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने कॉफीगृहं बंद करण्याचं फर्मान काढलं. लोक भडकले आणि काही दिवसांतच त्याला ते मागे घ्यावं लागलं. राजाला धास्ती होती ती शुद्धीत बसून बोलणाऱ्यांची.

हे वाचून आपल्यातले काही जण खूश होतील. त्यांनी जरा थांबावं. आपल्याकडे तरी प्रश्न विचारायला जागा कुठे आहे? जुम्म्याचा खुत्बा ऐकायचा असतो, तिथे बहस होत नाही. घरात पोराने तोंड उघडलं की आपण ‘तौबा कर’ म्हणतो. माझ्याच वर्गात नववीतल्या एका मुलाने विचारलं होतं, “सर, तकदीर आधीच लिहिलेली असेल तर आखिरतमध्ये हिसाब कशाचा?” बाराशे वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न! आणि बीएड झालेल्या या मास्तरने उत्तर दिलं, “हे परीक्षेला नाही.” तो पुन्हा काही विचारायला आला नाही. उद्या तो त्या बारमध्ये जाऊन बसला, तर निदान मला तरी त्याला बोल लावायचा हक्क नाही.

म्हणून दोन्हीकडच्या मित्रांना सांगणं आहे. बारवाल्यांनी महिन्यातली एक बैठक चहाच्या हॉटेलात घेऊन पाहावी. तिथे कोण कोण नव्याने येतं, ते त्यांचं त्यांनाच दिसेल. आणि आपण मोहल्ल्यातल्या वाचनालयात रविवारी सकाळी दोन तास द्यावेत. बाया-मुलींना बसता येईल, हिंदू शेजाऱ्यालाही येता येईल आणि कोणाच्या ईमानाची झडती घेतली जाणार नाही, एवढीच अट. पहिल्या बैठकीचा विषय त्या मुलाचाच प्रश्न. चहा माझ्याकडून.