गाठीचा निवाडा बोटांनी होत नाही

‘दुखस नही, मंग कसाले दवाखानामा जानं?’ धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेर, सामोडे, दहिवेल या पट्ट्यात अंगावरच्या गाठीचा निकाल बहुतेक वेळा या एका वाक्यात लागतो. त्याच्या जोडीला एक भीती असते: सुई टोचली, तुकडा काढला की गाठ चिघळते आणि कॅन्सर अंगभर पसरतो. पहिल्या समजुतीपायी माणूस घरीच थांबतो, दुसरीपायी दवाखान्याच्या दारातून परत फिरतो. तिसरी समजूत दवाखान्याच्या आतली आहे. गाठ बोटांना मऊ लागली, कातडीखाली सरकली, म्हणजे ती चरबीचीच. काढली, टाकून दिली, टाके घातले, विषय संपला. या तिन्ही समजुती एकाच गृहीतकावर उभ्या आहेत: गाठीचा स्वभाव बाहेरून ओळखता येतो. तो तसा ओळखता येत नाही. त्याचा निर्णय पेशी पाहूनच होतो, आणि म्हणून संशयास्पद गाठीचा तुकडा शस्त्रक्रियेआधी आणि काढलेली प्रत्येक गाठ शस्त्रक्रियेनंतर तपासलीच पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या यांत उगवणाऱ्या गाठींमध्ये साध्या गाठी घातक गाठींच्या निदान शंभरपट असतात, आणि त्यांत चरबीची गाठ सर्वांत जास्त आढळते. यांतल्या घातक प्रकाराला सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. म्हणजे ‘काही नसेल’ हा अंदाज बहुतेकदा बरोबरच ठरतो. पण त्यासाठी दिलं जाणारं कारण, दुखत नाही हे, साफ चुकीचं आहे. सार्कोमा नसेवर किंवा हाडावर दाब येईपर्यंत सहसा दुखतच नाही. उलट नखाखाली होणारी ग्लोमस गाठ काही मिलिमीटरची आणि बहुधा निरुपद्रवी असते, तरी बोटाला थंड पाणी लागलं की माणूस कळवळतो. दुखण्यावरून निवाडा करायचा तर साधी गाठ घातक ठरेल आणि घातक गाठ साधी. पाच सेंटिमीटरहून मोठी, स्नायूंच्या आवरणाखाली खोल असलेली, वाढत जाणारी किंवा काढल्यावर पुन्हा उगवलेली गाठ संशयास्पद मानतात, ते योग्यच आहे. मात्र या खुणा आधी कोणाला तपासायचं ते सांगतात. कोणाला बिनधास्त सोडायचं ते सांगत नाहीत. सायनोव्हियल सार्कोमा तरुणांच्या गुडघ्या-घोट्याजवळ वर्षानुवर्षं लहानशी, संथ वाढणारी गाठ म्हणून राहू शकतो.

आता सुईची भीती. तिला अजिबात आधार नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद हेन्री मॅनकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हाडांच्या व मऊ ऊतींच्या गाठींच्या ३२९ रुग्णांची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी, पडताळून पाहिली. निदानातल्या चुका आणि चुकीच्या जागी घेतलेले छेद यांमुळे काही जणांचे हातपाय विनाकारण कापावे लागले होते. १९९६ साली ५९७ रुग्णांचा तसाच आढावा झाला, चित्र फारसं सुधारलेलं नव्हतं. परंतु हे नुकसान कुठे जास्त झालं? जिथे पुढचे उपचार होणार नव्हते अशा ठिकाणी घाईने केलेल्या बायोप्सींमध्ये. दोष तपासण्यात नव्हता, कशीही आणि कुठेही तपासण्यात होता. आज जाड सुईने दोऱ्यासारखे बारीक तुकडे घेतात. सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या रेषेतच ठेवतात, म्हणजे गाठीबरोबर तीही काढून टाकता येते. त्या वाटेवर पेशी रुजणं फार क्वचित घडतं. तुकडा काढला आणि माणूस खालावला, असं गाव सांगतं तेव्हा बहुतेकदा गाठ आधीच फार वाढलेली असते. अनेकदा ती फुफ्फुसात पोचलेली असते.

ज्यांना सुईची भीती वाटते त्यांना ‘नुसती गाठ काढून टाका’ हा सल्ला मात्र सुरक्षित वाटतो. खरा धोका तिथे आहे. सार्कोमा वाढताना भोवतालचं मांस दाबत जातो आणि दबलेल्या मांसाची एक गुळगुळीत पिशवी त्याच्याभोवती तयार होते. शल्यविशारदाचं बोट त्या पिशवीबाहेरून फिरलं की शेंगेतून दाणा सुटावा तशी गाठ अलगद सुटते आणि मुळासकट निघाल्यासारखी दिसते. पण ती पिशवी खोटी असते; तिच्यात आणि तिच्यापलीकडे गाठीच्या पेशी उरलेल्या असतात. अशा जागी पुन्हा शस्त्रक्रिया केली की पुष्कळ रुग्णांत उरलेला रोग सापडतो. निदानाआधी हात घातल्यामुळे पहिल्याच वेळी भोवतालच्या निरोगी मांसासह गाठ काढण्याची संधी गेलेली असते.

खर्चाचा आक्षेप गंभीर आहे, कारण तो गरिबाच्या नावाने घेतला जातो. शंभर साध्या गाठी तपासून एक घातक मिळणार, मग आदिवासी पाड्यावरच्या मजुराला भुर्दंड का? तर, शस्त्रक्रिया झालेलीच असते. उरतो तपासणीचा खर्च, आणि तो चुकलेल्या सार्कोमावरच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेपुढे, रेडिएशनपुढे नगण्य आहे. अंतराची सबबही टिकत नाही. रुंद तोंडाची बरणी, गाठीच्या दहापट दहा टक्के फॉर्मालिन, वर नाव आणि जागा लिहिलेली चिठ्ठी, एवढ्यावर पिंपळनेरची गाठ साक्रीमार्गे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत शाबूत जाते. मोठी गाठ असली तर तिला काप द्यावे लागतात, कारण फॉर्मालिन तासाला साधारण मिलिमीटरभरच आत शिरतं. सलाइनमध्ये ठेवलेली गाठ मात्र वाटेतच कुजू लागते.

शेवटचा आक्षेप जाणकारांचा: मायक्रोस्कोपही चुकतो. चुकतो, हे खरं. नोड्युलर फॅसायटिस नावाची गाठ काही आठवड्यांत वाढते, तिच्या पेशी भराभर विभागताना दिसतात, आणि सार्कोमा समजून तिच्यावर मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत; प्रत्यक्षात ती निरुपद्रवी असते, कधी आपोआप विरते. डेस्मॉइड त्याच्या उलट: पेशी शांत, दूर कुठे पसरत नाही, तरी जागच्या जागी पुन्हा पुन्हा उगवतो. साधी आणि घातक यांच्या मधला वर्ग ठेवावा लागला तो डेस्मॉइडसारख्या गाठींसाठीच. पण या चुका सापडल्या आणि सुधारल्या त्याही पेशींच्याच अभ्यासातून. २०११ साली नोड्युलर फॅसायटिसमध्ये यूएसपी६ जनुकाचा बदल सापडला. चरबीच्या साध्या गाठीपासून तिच्यासारखाच दिसणारा लायपोसार्कोमा वेगळा काढायला एमडीएम२ जनुकाची तपासणी आली. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाकडे होती, म्हणजे रुग्णालय उघडलं तेव्हापासूनच निदानाला हे स्थान होतं. मायक्रोस्कोपच्या चुकीवर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेता येतं. टाकून दिलेल्या गाठीवर ते कोणीच देऊ शकत नाही.

तेव्हा गाठ काढून घेणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी एक प्रश्न न लाजता विचारावा: गाठ तपासायला पाठवली का? रिपोर्ट हातात घ्यावा आणि जपून ठेवावा. शंका राहिली तर प्रयोगशाळेकडून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलेल्या काचा मागून घ्याव्यात. त्या घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाता येतं.