धिंगाणा प्रवाशाचा, लायसन गेलं पायलटचं. विमानात जबाबदारी नेमकी कुणाची?

जीपमध्ये एखादा पिऊन चढला आणि शेजारच्याशी भांडायला लागला, तर ड्रायव्हर काय करतो? गाडी बाजूला घेतो, त्याला खाली उतरवतो आणि पुढे निघतो. विमानात ही सोय नाही. हजारो फूट उंचीवर कुणाला उतरवणार? म्हणूनच प्रवाशाच्या गैरवर्तनाचा जाब कधी कधी पायलटलाही द्यावा लागतो. पण तो किती, यावर वाद आहे.

लघवी प्रकरणात काय झालं?

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात एका प्रवाशाने वयस्कर महिलेच्या अंगावर लघवी केल्याची तक्रार झाली. प्रकरण जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं आणि देशभर गाजलं. कंपनीने त्या प्रवाशावर ४ महिन्यांची बंदी घातली. पण विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा, म्हणजे डीजीसीए, तिथेच थांबली नाही. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला आणि मुख्य पायलटचं लायसन ३ महिन्यांसाठी निलंबित झालं.

पायलट तर कॉकपिटमध्ये विमान चालवत होता. मग त्याचा काय दोष? पायलटांच्या संघटनांनी हाच सवाल केला. खुद्द कंपनीनेही निलंबनाची शिक्षा जास्त असल्याचं म्हटलं.

नियम काय सांगतो?

डीजीसीएने बोट ठेवलं ते १९३७ च्या विमान नियमांतील १४१ व्या नियमावर. विमानातील प्रवासी, सामान आणि शिस्त यांची काळजी मुख्य पायलटने घ्यायची, असा त्याचा गाभा आहे. इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. प्रवाशाने केलेला गुन्हा पायलटच्या नावावर लागत नाही. गुन्हेगार प्रवासीच. पायलटला विचारलं जातं ते एवढंच, की कळल्यावर तुम्ही काय केलं? त्रास झालेल्या माणसाला वेगळी जागा दिली का? खाली कळवलं का? उतरल्यावर त्या प्रवाशाला सुरक्षा यंत्रणेच्या ताब्यात दिलं का?

खाजगी पायलटचं काय?

मोठ्या विमानात पायलटच्या हाताखाली कर्मचारी असतात. खाजगी लायसनवर चार आसनी विमान उडवणाऱ्याला मात्र सगळं एकट्यानेच बघावं लागतं. शेजारी बसलेला मित्र किंवा पाहुणा दांडक्याला हात घालू शकतो, दार उघडायला जाऊ शकतो. शिवाय खाजगी लायसनवर प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही. म्हणजे सोबत बसणारे बहुतेक ओळखीचेच, आणि ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणणं सगळ्यात अवघड.

अमेरिकेतलं एक उदाहरण बोलकं आहे. कॅलिफोर्नियातल्या एका कोरड्या तलावात व्हिडिओसाठी हेलिकॉप्टरमधून धावत्या लॅम्बोर्गिनी गाडीवर फटाके सोडण्यात आले. जुलै २०२३ मध्ये तो व्हिडिओ यूट्यूबवर आला. फटाके सोडणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्या दोन महिला होत्या. तरी तिथल्या विमान यंत्रणेने पायलटचं खाजगी लायसन रद्द केलं. व्हिडिओ बनवणाऱ्यावर वेगळा गुन्हा दाखल झाला. खाली माणसाला किंवा मालमत्तेला धोका होईल अशी वस्तू पायलटने कुणालाही टाकू द्यायची नाही, असा अमेरिकेत नियम आहे. दारू पिलेला दिसतोय अशा माणसाला विमानात घ्यायचं नाही, हेही तिथे पायलटवरच बंधन आहे.

आपल्याकडे लग्नात, मिरवणुकीत हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टीची हौस वाढली आहे. विमानातून वस्तू खाली टाकायला आपल्याकडेही बंदी आहे, त्यासाठी आधी परवानगी लागते. तेव्हा ‘टाक रे भाऊ, रील काढायचीय’ असं सांगणाऱ्याने पायलटचं लायसन आपण धोक्यात घालतोय, हे लक्षात ठेवावं.

ओळखीपायी लायसन अडचणीत आल्याचं उदाहरण भारतातही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात पायलटने आपल्या मैत्रिणीला कॉकपिटमध्ये येऊ दिलं. त्याचं लायसन ३ महिन्यांसाठी निलंबित झालं.

जबाबदारी आहे, तसे अधिकारही

१९६३ च्या टोकियो कराराने विमानाच्या प्रमुखाला मोठे अधिकार दिले. भारताने त्यासाठी १९७५ मध्ये कायदा केला. धिंगाणा घालणाऱ्याला पायलट बांधून ठेवायला सांगू शकतो, विमान उतरवून त्याला खाली काढू शकतो, पोलिसांच्या हवाली करू शकतो. हे सगळं योग्य कारणाने आणि मर्यादेत केलं असेल, तर त्याबद्दल पायलटवर खटला चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीहून लंडनला निघालेलं विमान एका प्रवाशाच्या मारहाणीमुळे परत दिल्लीत आणलं गेलं. शेकडो लोकांचा खोळंबा झाला, पण पायलटने अधिकार वापरला.

धाराशिवची आठवण

या नियमांचा संबंध मराठवाड्याशीही आहे. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचं स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. त्यानंतर त्याच वर्षी केंद्राने ‘नो फ्लाय’ यादीचे नियम आणले. त्यात शिवीगाळीला ३ महिन्यांपर्यंत, मारहाण किंवा अंगाला हात लावण्याला ६ महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल अशा वागण्याला किमान २ वर्षांची बंदी ठरली.

शिर्डी, कोल्हापूर, नांदेडच्या विमानतळांमुळे गावाकडची माणसंही आता विमानाने फिरू लागली आहेत. आखाती देशात कामाला जाणाऱ्याला ६ महिन्यांची बंदी म्हणजे हातची नोकरी जाण्याची वेळ.

पायलटला प्रत्येक प्रवाशाच्या डोक्यात शिरता येत नाही. त्यामुळे प्रवाशाच्या प्रत्येक चुकीला त्याला शिक्षा देणं अन्यायाचं ठरेल. पण कळूनही गप्प बसला, किंवा ओळखीपायी नियम सोडला, तर त्याला सूट कशी द्यायची? कारण गडबड एकाने केली तरी धोका विमानातल्या सगळ्यांना असतो, आणि निर्णय घेण्याचा शेवटचा अधिकार त्या एकाच माणसाकडे असतो.