शंभरातले पाच

कॅसिनोचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी धर्मराजाला मध्ये आणतं आणि चर्चा तिथेच संपते. पांडवांना जरा विश्रांती देऊ या आणि हिशेबाची वही उघडू या.

इलिनॉयमधल्या आपल्या नेपरव्हिलमध्ये कॅसिनो नाही, पण तो लांबही नाही. शेजारच्या ऑरोरात फॉक्स नदीवर १९९३ मध्ये सुरू झाला, जोलिएटमध्ये दोन आहेत. त्यातला जोलिएटचा हॉलिवूड कॅसिनो ऑगस्ट २०२५ मध्ये नदीकाठ सोडून आय-५५ आणि आय-८०च्या नाक्यावर नव्या इमारतीत गेला. ऑरोराच्या कॅसिनोसाठीही नवी जागा निवडली गेली ती आय-८८ लगत, फार्न्सवर्थ ॲव्हेन्यूच्या आउटलेट मॉलजवळ, आणि त्यासाठी शहराने पाच कोटी डॉलरचे रोखे काढायचं कबूल केलं. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सेलला आपण पोरंबाळं घेऊन जातो, त्याच वाटेवर.

मग पॉटलकमध्ये कोणीतरी म्हणतंच, ‘आपली माणसं तिकडे जाऊन पैसे घालवतातच ना? मग तो कर आपल्याच गावाला का मिळू नये?’ हा प्रश्न खुळा नाही. त्याला चिडून उत्तर देऊ नका, आकडा सांगा.

इलिनॉयमध्ये कॅसिनो ज्या गावात असतो त्या गावाला ढोबळमानाने त्याच्या कमाईचे पाच टक्के आणि आत येणाऱ्या माणसामागे एक डॉलर मिळतो. कमाई म्हणजे काय, तर लोकांनी हरलेले पैसे. शंभर डॉलर हरले तेव्हा गावाच्या तिजोरीत पाच आले. हरणारा बाहेरगावचा असेल तर गावाचा हा सौदा फायद्याचा. हरणारा गावातलाच असेल, तर त्याच्या खिशातून शंभर काढून त्यालाच पाचाचा रस्ता करून दिला, असं झालं.

जोलिएटचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. तिथली पोलादाची गिरणी बंद पडलेली, हाताला काम नाही, अशा वेळी नव्वदच्या दशकात कॅसिनो आले. नोकऱ्या आल्या, शहराला रस्त्यांसाठी आणि सार्वजनिक कामांसाठी पैसा आला. पण तेव्हा आसपास फारसं कोणी नव्हतं. २०११ मध्ये डेस प्लेन्सला रिव्हर्स कॅसिनो उघडला, पुढे २०१९ च्या कायद्याने शिकागोसह आणखी सहा ठिकाणी वाट मोकळी केली. गिऱ्हाईक तेच, दुकानं वाढली. आता नव्याने कॅसिनो मागणाऱ्या गावाला जोलिएटचं नव्वदचं दशक मिळणार नाही.

२०२२ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (बीएमएम) अधिवेशन ॲटलांटिक सिटीला झालं, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आलेत. बोर्डवॉकवरचा झगमगाट पाहिलात, मग दोन रस्ते आत शिरून सोनं घेऊन रोख पैसे देणाऱ्या दुकानांच्या पाट्याही पाहिल्या असतील. १९७८ पासून तिथे कॅसिनो आहेत. शेजारच्या राज्यांनी आपापले उघडले आणि २०१४ या एका वर्षात तिथले चार बंद पडले.

गोव्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, सरकारला त्यांचा महसूल हवा आहे. आणि त्याच सरकारने फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोंयकारांना आत जायला मनाई केली. पर्यटकाने हरावं, घरच्याने नको, एवढा सरळ हिशेब. (महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागू केलाच नाही आणि २०२३ मध्ये मोडीत काढला. आपलं सरकारी कामही कधी कधी असं उपयोगी पडतं.)

नेपरव्हिलला मांडवी नाही. इथे मुक्कामाला पर्यटकांची रीघ लागत नाही. म्हणूनच मला झुंबरं लावलेल्या मोठ्या कॅसिनोची तितकी धास्ती वाटत नाही, जितकी हॉटेलच्या कोपऱ्यातल्या यंत्राची वाटते. राज्याने २००९ मध्ये कायदा केला आणि २०१२ पासून बार, रेस्टॉरंट, ट्रक स्टॉप अशा ठिकाणी व्हिडिओ जुगाराची यंत्रं सुरू झाली. एका ठिकाणी साधारण सहा, एका खेळाला चार डॉलरपर्यंत. परवानगी द्यायची की नाही हे गावाच्या हातात असतं, आणि आपल्या कौन्सिलने आजवर ती दिलेली नाही. हीच गोष्ट जपायची आहे.

यंत्रात हरलेल्या शंभरातले तीस राज्याचे, पाच गावाचे, उरलेले यंत्रवाला आणि हॉटेलवाला जवळपास निम्मे-निम्मे वाटून घेतात. गावाला वर्षाला दहा लाख डॉलर हवे असतील तर यंत्रांसमोर दोन कोटी हरले गेले पाहिजेत. आपली वस्ती दीड लाखाच्या आसपास. माणशी १३३ डॉलर झाले, रांगत्या बाळासकट. अर्थात बाळ हरणार नाही. त्याच्या वाटणीचे दुसरंच कोणी हरेल, आणि तो दर वेळी बहुधा तोच माणूस असेल. कामावरून येताना दूध घ्यायला थांबलेला.

दिवाळीत बेसमेंटमध्ये तीन पत्ती आपणही खेळतो, त्याला माझी ना नाही. तिथे तुम्ही हरता ते समोरचा जिंकतो, रात्री दोन वाजता घरची वहिनी दिवे मालवते आणि खेळ संपतो. यंत्राला वहिनी नसते.

तेव्हा विनंती अशी. हा विषय ईगल स्ट्रीटवरच्या म्युनिसिपल सेंटरमध्ये कधी आला, तर जा आणि बोला. अजून सिटिझन झालेलो नाही, मत देता येत नाही, म्हणून घरी बसू नका. कौन्सिलपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. भाषण नको, दोनच प्रश्न विचारा: हरले जाणारे पैसे कुठल्या गावचे असतील, आणि आपल्या हॉटेलांत आज होणारा खर्च त्यामुळे किती आटेल? आणि एक घरची गोष्ट: सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आई-बाबांना विरंगुळा म्हणून कॅसिनोत सोडून येणारे आहेत. वीस डॉलर रोख द्या, कार्ड देऊ नका. लायब्ररी आणि रिव्हरवॉक फुकट आहेत, हेही दाखवा.

आणि घरात कोणी आधीच अडकलं असेल, तर आरडाओरड्याने ते सुटत नाही. आधी जॉइंट खात्याचं आणि क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट दोघांनी एकत्र बसून वाचा. कार्डावरून उचललेली रोकड कुठे दिसते ते बघा. इलिनॉय गेमिंग बोर्डाकडे कॅसिनोबंदीची यादी आहे. त्यात आपणहून नाव घातलं की कॅसिनोत प्रवेश बंद, आणि तरी चोरून खेळलं तर जिंकलेले पैसे जप्त. हे नाव बायकोला किंवा भावाला परस्पर घालता येत नाही, ज्याचं त्यानेच घालावं लागतं. तो तयार होईल त्या दिवशी सगळं बाजूला ठेवून त्याच्याबरोबर बसा. मदतीचा फोन १-८००-४२६-२५३७, दिवसरात्र चालू असतो, आणि घरच्या माणसानेही करायला हरकत नाही.