सी ड्राइव्ह लाल झाला? आधी झाडू खाली ठेवा!

'धिस पीसी' उघडलं आणि सी ड्राइव्हची ती शांत निळी पट्टी एकदम लालभडक दिसली, की आपल्यातल्या प्रत्येकाच्या अंगात सफाई कामगार संचारतो. काहीतरी उडवा! (पट्टी लाल होते ती ड्राइव्हवर १० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की. म्हणजे घाबरायचं कारण थोडंफार आहेच.) मग ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग पिता पिता सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, 'टेम्प उडव रे सगळं.' दुसरा म्हणतो, 'प्रीफेच रिकामं कर, मशिन रॉकेट होतं.' तिसरा दानशूर असतो, तो थेट पेनड्राइव्हच काढतो. त्यात एक भारी क्लीनर, क्रॅकसकट!

तिघांनाही चहा पाजा, पण ऐकू कुणाचंच नका. कारण या सगळ्या प्रकरणात खरा कचरा किती आणि कचऱ्याच्या नावाखाली उडणारा कामाचा माल किती, हा हिशेब कुणी करतच नाही.

पहिला फंडा आधी क्लिअर करू. नुसती पडून असलेली फाइल कॉम्प्युटर स्लो करत नाही. ती रॅम खात नाही, प्रोसेसर खात नाही. माळ्यावरच्या जुन्या सुटकेसमुळे तुमच्या हॉलमध्ये गर्दी होते का? तसंच. ती खाते फक्त जागा. आता ही जागा अगदीच संपत आली तर मात्र वांधे होतात. विंडोजला अपडेट उतरवून उलगडायला जागा लागते, रॅम कमी पडली की पेजफाइल फुगवायला जागा लागते आणि एसएसडीलाही नीट लिहायला मोकळे ब्लॉक्स हाताशी असावे लागतात. पण अर्धी ड्राइव्ह रिकामी असताना मशिन रडत असेल तर कचऱ्याला शिव्या देऊ नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मशिन सुरू होताच आपोआप उठून बसणारी डझनभर अ‍ॅप्स आणि ब्राउझरमधल्या त्या चाळीस टॅब्ज, आरोपी बहुतेक तिथेच सापडतील. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी टाकण्याइतका फरक जगातला कुठलाच क्लीनर पाडू शकत नाही.

बरं, मग हा कचरा येतो कुठून? चोर घरातलेच आहेत. कुठलंही सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपलं सामान आधी टेम्प फोल्डरमध्ये पसरतं. काम झाल्यावर आवरून जायचा शिष्टाचार सगळ्यांकडे नसतो, आणि एखादं मध्येच क्रॅश झालं तर आवरणार कोण? ब्राउझर पाहिलेल्या पानांचे तुकडे साठवतो. फोल्डरमधल्या फोटोंची चिमुकली चित्रं विंडोज साठवते. क्रॅश झालं की त्याचा पंचनामा फाइलमध्ये लिहून ठेवते. पण सगळ्यात मोठा गठ्ठा असतो अपडेटचा. नवा भाग बसवला तरी विंडोज जुना लगेच फेकत नाही. उद्या नवा बिनसला तर परत जाता यावं म्हणून जपून ठेवते. मोठं व्हर्जन बदललं तर अख्खी जुनी विंडोजच 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये बसलेली असते, आणि ती सहज दहा-वीस जीबी खाते. परत फिरण्याची मुदत साधारण १० दिवसांची असते, त्यानंतर विंडोज तो फोल्डर आपणहून काढते. म्हणजे अपडेटनंतर दहाएक दिवस कळ काढली तर अर्धा प्रश्न तुम्ही काहीच न करता सुटतो. आळशी लोकांचा विजय असो!

ज्यांना कळ निघत नाही त्यांनी सेटिंग्जमध्ये जावं. सिस्टम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. थोडा वेळ मोजामोजी होते आणि यादी येते. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, थंबनेल्स, एरर रिपोर्ट्स हे सगळं बिनधास्त उडवा. इथे विंडोज स्वतःच्या हातानं स्वतःचाच कचरा काढते, काय ठेवायचं ते तिला माहीत असतं. स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' टाइप केलंत तर विंडोज ९८ पासूनचा आपला जुना दोस्तही अजून भेटतो. त्यात 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' हे बटण दाबलंत तरच अपडेटचा गठ्ठा दिसतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. थेट टेम्पमध्येच घुसायचं असेल तर आधी मशिन रीस्टार्ट करा, बाकीची अ‍ॅप्स बंद ठेवा आणि 'फाइल इन यूज' म्हणून जे अडेल ते तसंच सोडा. त्याच्याशी भांडायचं नाही.

आता जिथे हात घालायचा नाही ते सांगतो. खरे अपघात इथे होतात.

विंडोज फोल्डरच्या पोटात 'विनएसएक्सएस' नावाचा एक फोल्डर आहे. राइट क्लिक करून साइज पाहिली की डोळे पांढरे होतात. मग कुणीतरी वीर म्हणतो, एवढं काय असणार त्यात, उडव! थांबा. तो आकडा बराचसा फसवा आहे. तिथल्या कितीतरी फाइल्स डिस्कवर एकदाच असतात, पण नाव दोन ठिकाणी असतं. एकाच मतदाराचं नाव दोन याद्यांत असावं तसं. माणूस एकच, पण मोजणारा दोन्हीकडे मोजतो. त्यात हाच फोल्डर म्हणजे विंडोजचं सुट्या भागांचं कोठार. तिथून हातानं काही काढलंत तर पुढचं अपडेट बसणार नाही, किंवा मशिन सुरूच होणार नाही. वरच्या यादीतलं 'विंडोज अपडेट क्लीनअप' हे याच कोठाराची शिस्तीत साफसफाई करतं.

दुसरा 'इन्स्टॉलर' फोल्डर, तोही विंडोजच्याच आत आणि लपवलेला. त्यात अगम्य नावांच्या फाइल्स असतात, दिसायला शंभर टक्के कचरा. प्रत्यक्षात तुमचं ऑफिस पॅकेज किंवा इतर सॉफ्टवेअर दुरुस्त करायला, अपडेट करायला किंवा काढून टाकायला त्याच लागतात. आज उडवल्यात तर आज काहीच होत नाही, हीच त्याची गंमत. चार महिन्यांनी तुम्ही काहीतरी अनइन्स्टॉल करायला जाता आणि मशिन म्हणतं, मूळ फाइल दाखवा. तोवर तुम्ही काय उडवलं होतं हेही विसरलेले असता.

आणि प्रीफेच? एक्सपीच्या काळापासून चालत आलेली ही अंधश्रद्धा आहे. कुठलं सॉफ्टवेअर उघडताना काय काय लागतं याच्या छोट्या नोंदी तिथे असतात, म्हणजे पुढच्या वेळी पटकन उघडावं. त्या उडवून मशिन रॉकेट होत नाही. उलट विंडोजला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतं.

पेनड्राइव्हवाल्या दोस्ताच्या क्लीनरकडे वळू. सीक्लीनर हे नाव ऐकलं नाही असा माणूस आपल्या पिढीत सापडणं मुश्कील. क्रॅप क्लीनर हे त्याचं मूळ बिनधास्त नाव. कधीकाळी प्रत्येक गल्लीतला असेंबलवाला नव्या पीसीत ते न विचारता टाकून द्यायचा, आणि खरंच छोटं, कामाचं टूल होतं ते. मग ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची ५.३३ ही आवृत्ती बाहेर आली. कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून, कंपनीच्या अधिकृत डिजिटल सहीसकट, आणि पोटात हॅकर्सचा चोरदरवाजा घेऊन. साधारण महिनाभर कुणाला पत्ता नव्हता. सप्टेंबरमध्ये बिंग फुटलं तोवर ती सुमारे २२ लाख ७० हजार मशिन्सवर पोचली होती. हल्लेखोरांचा डोळा सामान्य लोकांवर नव्हताच, मोठ्या टेक कंपन्यांतल्या मोजक्या मशिन्सवर होता. पण झाडू म्हणून आणलेल्या वस्तूतून चोर घरात शिरला तो शिरलाच. आणि ही कथा अस्सल कॉपीची! क्रॅक केलेल्या क्लीनरमध्ये काय असेल याची कल्पना तुम्हीच करा.

दुसरा नमुना अमेरिकेतला आहे. ऑफिस डेपो ही तिथली मोठी दुकानांची साखळी. ती गिऱ्हाइकांचे पीसी 'पीसी हेल्थ चेक' नावाच्या प्रोग्रॅमनं फुकट तपासून द्यायची. तपासणीआधी चार प्रश्न: मशिन स्लो झालंय का, पॉपअप येतात का, वगैरे. यातल्या एकावर जरी टिक केली तरी रिपोर्टमध्ये धोका सापडायचा, स्कॅनमध्ये काही मिळो न मिळो. मग दुरुस्तीचं बिल! तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं यावर कारवाई केली आणि २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि प्रोग्रॅम पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम या दोघांना मिळून साडेतीन कोटी डॉलर मोजावे लागले. स्क्रीनवर लाल अक्षरांत 'अमुक शे एरर्स सापडल्या, आत्ताच खरेदी करा' असं नाचताना दिसलं की हे आठवा. रजिस्ट्री क्लीनर्सही याच पंगतीतले. रजिस्ट्रीतल्या लाखो नोंदींतून काहीशे काढून वेगात फरक जाणवत नाही, चुकीची एक निघाली तर मात्र नक्की जाणवतो. अशा क्लीनर्सना आमचा पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलेलं आहे.

इथवर सगळं विंडोजचं. पण माझा खरा जीव अडकलाय तो एका वेगळ्याच फोल्डरमध्ये, डाउनलोड्समध्ये.

आठवून पाहा, तुमची सॅलरी स्लिप कुठे आहे? मागच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर? तिथला फॉर्म १६? मेलवरून किंवा एचआरच्या पोर्टलवरून एकदा उतरवला, पासवर्ड टाकून पाहिला आणि विसरलात. तो आहे तिथेच, डाउनलोड्समध्ये, सतराशे साठ पीडीएफ आणि दोन वर्षांपूर्वीच्या सेटअप फाइल्सच्या गर्दीत. कंपनी सोडल्यावर त्या पोर्टलचं लॉगिन बंद होतं, ऑफिसचा मेल बंद होतो. होम लोनवाला फाइल मागतो तेव्हा जुन्या एचआरला 'हाय, ओळखलंत का' करत फिरावं लागतं. आणि टेम्पररी फाइल्सच्या त्या यादीत, कचऱ्याच्या रांगेत, 'डाउनलोड्स' असाही एक चौकोन असतो. सहसा त्यावर टिक नसते. पण सगळ्यावर भराभर टिक करत सुटणाऱ्या आपल्या बोटांना कोण आवरणार? तिथून उडालेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही, थेट वर! २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या अपडेटनं तर हा चौकोन जुन्या डिस्क क्लीनअपमध्येही आणून बसवला. वर्षानुवर्षं तिथे डोळे मिटून सगळं सिलेक्ट करणाऱ्या अनेकांचे डाउनलोड्स साफ झाले. नंतर २०२० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं तो तिथून काढला. सेटिंग्जमधला मात्र आहे.

म्हणून या फोल्डरची सफाई हातानंच. साइजप्रमाणे सॉर्ट करा. वरच्या दहा-पंधरा फाइल्समध्येच मोठी जागा सापडते: जुने सेटअप, झिप उघडल्यावरही राहिलेली झिप, कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ. छोट्या पीडीएफ उडवून तसंही काही मिळत नाही, त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि त्याची एक कॉपी मशिनबाहेर ठेवा.

एवढं करूनही पट्टी लालच असेल तर विनडिरस्टॅट हे फुकट टूल घ्या. ते आपणहून काही उडवत नाही, फक्त दाखवतं. अख्खी ड्राइव्ह रंगीत चौकटींत, जेवढी मोठी फाइल तेवढी मोठी चौकट. (मोजत असताना पॅकमॅन इकडून तिकडे पळतात, बोनस टाइमपास!) बहुतेकदा सिस्टमचा कचरा कोपऱ्यात गपगुमान बसलेला दिसतो आणि मध्ये ठाण मांडून असतात गोव्याच्या ट्रिपचे व्हिडिओ, आउटलुकची मेलची फाइल, आयफोनचा जुना बॅकअप. 'हायबरफिल' नावाची काही जीबींची फाइल दिसली तर ती हायबरनेशनची. डेस्कटॉपवाल्यांनी हायबरनेशन बंद करून ती खुशाल घालवावी. लॅपटॉपवाल्यांनी ठेवावी, बॅटरी संपताना उघडं असलेलं काम तीच वाचवते.

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काही करण्याआधी आयटीवाल्यांना एक फोन टाका. घरच्या मशिनवर स्टोरेज सेन्स चालू करून महिन्यातून एकदा लावून द्या. त्यातही डाउनलोड्स किती दिवसांनी उडवायचं असं विचारतात. तिथे 'नेव्हर'.