मेंदू कुणाला म्हणायचं?

वर्षभर एक वाक्य संपादकांच्या कानाशी भुणभुणत राहिलं. ‘आता यंत्रालाही मेंदू आला.’ व्याख्यानमालेत ते होतं, लग्नाच्या पंगतीत होतं, टपालाने आलेल्या लेखांतही होतं. यंत्राला मेंदू बहाल करायची एवढी घाई, आणि कवटीतल्या खऱ्या मेंदूची विचारपूस मात्र कुणी करेना.

२०२५ हे वर्ष जड गेलं. मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली उभी पिकं नेली. मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात आले, हा त्यातला आनंद. पण या दिवाळी अंकाचा ‘मेंदू’ हा विषय ठरला तो त्या एका वाक्याच्या रागातूनच.

खऱ्या मेंदूची गोष्ट पुण्यात पाषाणला घडते आहे. तिथल्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत सुहिता नाडकर्णी यांचा गट संगणकावर चेतासंधी उभी करतो. दोन चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ती ही जागा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तिथे उपकरण घालून मोजणं महाकठीण. म्हणून कॅल्शियमचा एकेक कण कुठे भटकेल, कशाला चिकटेल, याचा हिशेब संगणक मांडतो. आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या कितीतरी चेतासंधी फार लहरी असतात. निरोप दारापर्यंत येतो आणि बहुतेक वेळा पलीकडे जातच नाही! अशा बेभरवशाच्या जागांवर आपली स्मृती उभी राहते कशी, आणि अल्झायमरमध्ये नेमकं कुठे बिघडतं, हे या हिशेबातून शोधायचं. त्याच संस्थेत कॉलिन्स असिसी यांचा गट कीटक वास कसा ओळखतात त्याचं गणित मांडतो.

मेंदूचं असं गणित मांडायची परंपरा जुनी आहे. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी चेतापेशीच्या विद्युत्स्पंदाची समीकरणं १९५२ साली प्रसिद्ध केली. त्यासाठीची आकडेमोड करायच्या वेळी केंब्रिजचा संगणक बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर ती आठवडेच्या आठवडे केली.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता? तिचंही काम इथे मोलाचं आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये उंदराच्या मेंदूतल्या एका घन मिलिमीटरचा नकाशा प्रसिद्ध झाला. मोहरीच्या दाण्याहून लहान तुकडा, त्यात ५२ कोटींहून अधिक चेतासंधी. एवढा गुंता सोडवायला हीच बुद्धिमत्ता लावली, तरी तिने चुकीचे जोडलेले धागे माणसांना बसून तपासावे लागले.

‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये पुण्यातच सी-डॅकने घडवला, हे पुणेकर अभिमानाने सांगतात. आज ‘आयसर’मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक चालतो, हे किती जणांना ठाऊक आहे? नारळीकरांनी आकाश मराठीत घरोघरी पोचवलं. मेंदूच्या या गणिताला तसं भाग्य अजून लाभायचं आहे.

या अंकात ‘चेतासंधी’ हा शब्द जागोजागी आला आहे. घरातल्या दहावीच्या मुलामुलींना अंक वाचायला द्यावा. त्यांना हा शब्द अडला आणि याहून सोपा, चपखल शब्द कुणाला सुचला, तर वाचकांनी पत्राने जरूर कळवावा. पुढच्या दिवाळीत तोच वापरला जाईल.