पॅड किती मिलिमीटर उरलेत?

छोट्या हॅचबॅकचे पुढचे ब्रेक पॅड बदलायला नालासोपाऱ्यातलं रस्त्याकडेचं गॅरेज साधारण दीड ते अडीच हजार घेतं. हेच काम मुंबई-अहमदाबाद हायवेलगतच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात तीन हजारांच्या खाली क्वचितच होतं, आणि त्यात ब्रेकची सफाई, ब्रेक ऑइल वगैरे जोडलं की आकडा पाच हजारांकडे सरकतो. या फरकावरून वसई-विरारच्या गाडीवाल्यांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, सर्व्हिस सेंटर लुटतं; दुसरा म्हणतो, ब्रेकचं काम रस्त्यावर करणं म्हणजे जिवाशी खेळ. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. मात्र दोन्ही तट भांडतात ते दुकानावरून. पॅडबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर चिकटवलेला घर्षणाचा थर. नवा असताना तो साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तीनच्या आसपास आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. त्या आवाजाकडे महिनाभर काणाडोळा केला की लोखंड डिस्कवर घासू लागतं, डिस्कला चर पडतात आणि दोन हजारांचं काम सहा-आठ हजारांवर जातं, कारण आता डिस्कची जोडीही आणावी लागते. चर कमी असतील तर लेथवर डिस्क खरडून मिळते, पण डिस्कलाही किमान जाडी ठरलेली असते आणि ती बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. खरडणाऱ्याने ती वाचली का, हे विचारायला हवं.

पॅड किती किलोमीटर टिकतात, याचं ठरावीक उत्तर तीस ते पन्नास हजार. आपल्याकडे ते फार उपयोगाचं नाही. पॅड झिजतात ते किती वेळा ब्रेक दाबला त्यावर. गाडी किती धावली, हा नंतरचा हिशेब. वर्सोव्याचा पूल, फाउंटन, चिंचोटी, वसई फाटा या पट्ट्यात रोज कोंडीत रांगणारी गाडी आणि रविवारी मनोरपर्यंत जाऊन येणारी गाडी यांचे पॅड सारखे कसे टिकतील? २०२४ मध्ये याच हायवेवर काँक्रीटचा थर टाकण्याचं काम चाललं, तेव्हा कोंडीत अडकलेल्यांनी डिझेलबरोबर पॅडही जाळले. (त्याच वर्षी सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रो बोटीने जाणाऱ्यांचे तेवढे वाचले असतील.) त्यात आपला पावसाळा आणि खारी हवा. गुडघाभर पाण्यातून आलेली गाडी चार दिवस तशीच उभी राहिली की डिस्कवर तांबेरा चढतो. तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. खरा त्रास पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम होण्याचा. पिना अडकल्या की एका बाजूचा पॅड संपतो आणि दुसरा निम्मा शाबूत राहतो. अशा वेळी पिना साफ करून ग्रीस न लावता फक्त पॅड बदलणं म्हणजे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक पक्कं करणं.

आता तटांकडे. सर्व्हिस सेंटरच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. पार्ट अस्सल मिळतो, जॉबकार्ड असतं, बिल असतं, तक्रार करायला दार असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो फायदा बिल घेणाऱ्यालाच नीट तपासता येतो. पण जास्तीच्या पैशात वातानुकूलित प्रतीक्षागृहाचं भाडंही असतं आणि सल्लागाराला दिलेलं टार्गेटही. पाच मिलिमीटर उरलेले पॅड 'संपत आलेत' ठरतात ते इथेच.

बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल, ही भीती मात्र तपासून घ्यावी. गाडीवाल्या कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. त्या आदेशात आयोगाने म्हटलं होतं की, केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढलं. तरी वॉरंटीतल्या गाडीचे ब्रेक मी सेंटरातच करून घेईन. हक्क असणं वेगळं आणि तो सिद्ध करत बसणं वेगळं.

वॉरंटी संपल्यावर पारडं गॅरेजकडे झुकतं, पण एका अटीवर. गॅरेजवाल्याच्या हातात सहसा खोट नसते. पंधरा वर्षं तेच काम करणारा माणूस तासाभरात पुढचे दोन्ही पॅड चोख बसवतो आणि पेडल घट्ट होईपर्यंत पंप केल्याशिवाय गाडी हलवू देत नाही. खोट असते मालात. 'कंपनीचाच आहे' म्हणून खोक्याविना आलेला पॅड कोणाच्या कारखान्यातला, ते त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून पॅड स्वतः नावाजलेल्या दुकानातून, बिलावर आणि सीलबंद खोक्यात घ्यावा आणि गॅरेजला फक्त मजुरी द्यावी. काही गॅरेजवाले नाराज होतील, कारण पार्टवरचं कमिशन हीच त्यांची खरी कमाई. मग मजुरी शंभर-दोनशेने वाढवून द्यावी. तो सौदा दोघांनाही परवडतो.

हे सगळं हप्ता भरणाऱ्या टॅक्सीवाल्याला ऐकवणं सोपं नाही. त्याची गाडी अर्धा दिवस उभी राहिली की तेवढी कमाई बुडते, आणि पाचशे रुपये स्वस्त पॅड त्याला त्या दिवशी खरोखर स्वस्तच पडतो. पिवळ्या पाटीच्या गाडीला निदान आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी असते. आपल्या एमएच-४८ नंबरच्या, पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्यांना पंधरा वर्षं तेवढंही नाही. दरवर्षी पीयूसी होते, पण ती धुराची. ब्रेक कोणी पाहत नाही.

म्हणून खासगी गाड्यांनाही ब्रेकची वार्षिक तपासणी सक्तीची करावी, अशी सूचना कधीकधी होते. हेतू चांगला आहे, पण मला ती पटत नाही. चाक न उघडता पॅड नीट मोजता येत नाही, त्यामुळे या तपासणीच्या प्रमाणपत्राचं लवकरच कागद विकण्याचं दुकान होईल. त्यापेक्षा छोटा आणि अंमलात येण्याजोगा नियम हवा: सर्व्हिस सेंटर असो वा गॅरेज, ब्रेकच्या प्रत्येक बिलावर चारही चाकांचे आकडे मिलिमीटरमध्ये लिहायचे, मागे ड्रम असेल तर लायनरचे, आणि काढलेले पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. सेंटरांना हे उद्यापासून जमेल. गॅरेजांना व्हर्नियर घ्यावा लागेल. साधा काही शे रुपयांत मिळतो.