घर-दुकानाची राखण : कॅमेरे आणि जुना संगणक



घरात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागली, की कर्त्या माणसाची झोप उडते. पूर्वी ओट्यावर म्हातारा आजा खोकत पडलेला असे आणि त्या खोकण्यानेच निम्मी राखण होई. आता ओट्याच्या वळचणीला कॅमेरा दिसतो. कृषी सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, कोंबड्यांची शेड, कुठेही जा, वर मान केली की तो डोळा आहेच. त्यामुळे दौऱ्यावर गेल्यावर बियाण्या-खतांबरोबर कॅमेऱ्यांविषयीही विचारणा होते. बहुतेकांचा प्रश्न एकच : मुलाचा जुना संगणक घरी पडून आहे, त्यावर हे काम भागेल का?

भागेल. घरचे किंवा दुकानाचे तीन-चार कॅमेरे सांभाळायला आठ-दहा वर्षांपूर्वीचा चांगल्या स्थितीतला संगणकही पुरतो, मात्र तो त्याच कामाला ठेवावा. दुधाची बिले आणि कॅमेरे एकाच संगणकावर घातले, तर सकाळच्या गर्दीत दोन्ही अडतात. संगणकात त्यासाठी एक प्रोग्रॅम घालावा लागतो. ‘ब्ल्यू आयरिस’ हा विंडोजवर चालणारा, विकत घ्यावा लागणारा. ‘झोनमाइंडर’ लिनक्सवर चालतो, तो मोफत आहे. पण बसवायला जाणकार मुलगा हवा. ‘एजंट डीव्हीआर’ घरच्या घरी वापरायला मोफत आहे, धंद्यासाठी मात्र परवाना घ्यावा लागतो.

कॅमेरा घेताना एक गोष्ट दुकानदाराला आधी विचारा. काही स्वस्त कॅमेरे फक्त कंपनीच्या मोबाइल ॲपवरच दिसतात, आपल्या संगणकाला ते जोडताच येत नाहीत. खोक्यावर ‘ऑनव्हिफ’ लिहिलेले असले, की निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच प्रोग्रॅमला बहुधा जोडता येतात. नेटवर्कची वायर सलग १०० मीटरपर्यंतच नीट काम देते. त्यामुळे ही सारी व्यवस्था घर, दुकान, गोदाम, गोठा एवढ्यापुरती धरावी. मळ्यातल्या विहिरीवरच्या मोटारीसाठी सौरपट्टी आणि सिमकार्ड असलेला वेगळा कॅमेरा मिळतो, तो विषय निराळा.

आता मुख्य गोष्ट. कॅमेरा चोराला धरत नाही, तो नोंद ठेवतो. तेव्हा ज्या सकाळी आपल्याला नोंद हवी असेल, त्या सकाळी ती शिल्लक असेल का, हा खरा प्रश्न. थोडा हिशेब करू. साधा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट चित्रण पाठवतो असे धरा. दिवसाचे झाले साधारण २१-२२ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. संगणकात १ टीबीची हार्डडिस्क असेल, तर ती अकरा-साडेअकरा दिवसांत भरते आणि प्रोग्रॅम जुने पुसून त्यावर नवे लिहू लागतो. आणि आपण खताच्या पोत्यांची मोजणी करतो महिन्याच्या शेवटी! तीन तारखेला गेलेले पोते तीस तारखेला कळते, तोवर तीन तारखेचे चित्रण कधीच पुसलेले असते. ४ टीबीची डिस्क घातली, तर सुमारे दीड महिना पुरते. नाहीतर मोजणी दर आठवड्याला करा. ते फुकट आहे आणि माझ्या मते जास्त उपयोगाचेही.

दुसरा अडथळा विजेचा. लोक संगणक इन्व्हर्टरवर घेतात, पण राउटर आणि कॅमेऱ्यांचे ॲडाप्टर साध्या बोर्डावरच राहतात. लाइट गेली की संगणक जागा आणि डोळे बंद! चोराला तर अंधारच हवा असतो. तेव्हा तिन्ही वस्तू एकाच इन्व्हर्टरवर घ्याव्यात. वीज गेली आणि इन्व्हर्टरही उतरला, तर वीज परतताच संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय त्याच्या मूळ सेटिंगमध्ये असते. ती करून घ्यावी. संगणक सुरू होताच प्रोग्रॅमही आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि विंडोजची झोपी जाण्याची सवय बंद केली पाहिजे. खर्चाचे म्हणाल, तर ८० वॅट खाणारा संगणक रात्रंदिवस चालला, की महिन्याला ५७-५८ युनिट होतात. हा खर्च धरूनच बेत करावा.

हालचाल दिसताच मोबाइलवर सूचना देण्याची सोय सगळ्यांना फार आवडते, पहिले दोन दिवस. प्रोग्रॅम आधीचे आणि आताचे चित्र ताडून पाहतो आणि फरक दिसला की ओरडतो. त्याला म्हशीची शेपटी आणि माणसाचा हात सारखाच. वाऱ्याने हललेली शेवग्याची फांदी, मोटारसायकलचा झोत, सगळ्यांवर तो ओरडणार. रात्री तर कोळी! कॅमेऱ्याच्या रात्रीच्या दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, भिंगासमोर जाळे विणतो आणि ते जाळे उजेडात पांढरे लखलखत हलत राहते. रात्रीत पन्नास सूचना आल्या, की माणूस मोबाइल उशीखाली घालून झोपतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये फक्त दरवाजा, कुलूप, थप्पी एवढाच भाग आखून द्यावा आणि आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशाने जाळे काढावे. माणूस आणि जनावर यांत फरक करणारे नवे प्रोग्रॅमही आहेत, पण जुन्या संगणकाला ते जड जातात.

संगणक गल्ल्याशेजारी ठेवू नका. चोर पेटीबरोबर तोही उचलून नेईल. आतल्या खोलीत, उंदरांपासून दूर ठेवा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरातल्या असंख्य कॅमेऱ्यांचा ताबा घेतला होता. परगावाहून पाहता यावे म्हणून राउटरमधून थेट वाट उघडून देणारे कारागीर भेटतात. त्यांना नको म्हणा आणि व्हीपीएनची सोय मागा.

यानंतरची गोष्ट घरातल्या बायाबापड्यांशी बोलून ठरवा. अंगणात मोरी असते, सुना-लेकी केस वाळवतात, पॅकिंग शेडमध्ये मजूर बाया पदर सोडून कामाला लागतात. कॅमेरा मालाकडे वळलेला असावा, माणसांच्या वावराकडे नव्हे. चौकटीत मोरी किंवा शेजाऱ्याचे दार येतच असेल, तर तेवढा भाग काळा करून टाकण्याची सोय बहुतेक प्रोग्रॅममध्ये आहे. स्त्रीचे खासगी क्षण तिच्या संमतीशिवाय टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. आणि चित्रण कोणाकोणाच्या मोबाइलवर दिसते, हे घरातल्या प्रत्येकीला माहीत असले पाहिजे. दीर परगावी बसून अंगण पाहतो आणि जावेला त्याचा पत्ता नाही, ही राखण नव्हे.

चोरी झालीच, तर प्रथम त्या वेळचे चित्रण वेगळे काढून ठेवा, म्हणजे ते पुसले जाणार नाही. संगणकाचे घड्याळ बरोबर आहे ना हेही पाहा. दोन तास मागे असलेले चित्रण विरुद्ध बाजूच्या वकिलाला आयते सापडते. नुसती व्हॉट्सॲपवर पाठवलेली फीत कोर्टात उभी राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे नकलेसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. अशी अट जुन्या कायद्यातही होती. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावर आला. त्याला लागणारे प्रमाणपत्र नव्हते आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मूळ यंत्रच कोर्टासमोर आणले नसेल, तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच, असे न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले.

तपासासाठी पोलीस कधी हार्डडिस्कच ताब्यात घेतात. तिची रीतसर पावती घ्या आणि एक दुसरी डिस्क आधीपासून घरात आणून ठेवा. नाहीतर पहिली परत मिळेपर्यंत कॅमेरे असूनही नोंद काहीच होणार नाही.